तगरीखालची माती

रंगुबाईच्या तोंडाला लागायची माण तालुक्यात कुणाची छाती नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना मुकादमानं 'पाटी कमी भरली' म्हणून हटकलं, तर बाईनं तीच पाटी त्याच्या पायावर ओतली. पण लेकीचं नाव निघालं की या रंगुबाईचं अवसान गळायचं.

लेक एकुलती एक, अंजना. दिली होती आष्ट्याला, उसाच्या बागायतीत. पोरगी पाण्याच्या मुलखात पडली म्हणून सगळ्यांनी तिला नशीबवान ठरवलं. कसलं नशीब! लग्नाला वर्षं लोटली तरी कूस उजवली नव्हती, आणि सासू बनुबाई आता उघडच बोलायला लागली होती. "औंदा बघायचं, न्हाईतर लालासाहेबाला दुसरी करायची." बनुबाई नुसती बोलणाऱ्यातली नव्हती.

रंगुबाईच्या न्हाणीमागं तगर होती. अंजनाची नाळ पुरली, त्याच जागी तिनं तगरीची फांदी खोचली होती. सांडपाण्यावर ती अशी माजली की फांद्या वळचणीत घुसून कौलं उचलायला लागल्या. दीर नाथाजीनं तिथं भिंत घालायला काढली आणि म्हणाला, "वैनी, ही तगर तोडाय पायजे."

"हात तर लावून बघा! पोरीची नाळ हाय खाली. झाड वाळलं तर कूस वाळंल."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच मनाशी धरलं होतं, आणि रंगुबाईनं एकदा धरलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सुटायचं नाही. तगर लेकीच्या दारी न्यायची, असं तिनं ठरवून टाकलं.

पाऊस पडून भुई मऊ झाली, तशी तिनं कोयत्यानं निम्म्या फांद्या छाटल्या. भोवती चर खणून मातीच्या गड्ड्यासकट झाड उचललं आणि गोणपाटात आवळून बांधलं. नाळेची माती मागं राहायला नको म्हणून वर आणखी पोतंभर माती घेतली. तगरीखाली अलीकडं एक नवंच गवत उगवायचं. पान गाजरासारखं, फुलं बारीक पांढरी. दुष्काळात वाटलेल्या मिलोच्या, त्या अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीच्या पोत्यांतनं आलं, असं लोक म्हणायचे. शेरडं त्याला तोंड लावत नव्हती. रंगुबाईनं तिकडं लक्षच दिलं नाही. आपण पोत्यात काय भरून चाललोय, हे त्या माउलीला कुठलं ठाऊक!

एसटीचा कंडक्टर म्हणाला, "मावशे, झाडाचं तिकीट?"

"टपावर ठिवायचं हाय. तितं काय तुजी सासू बसलीया व्हय?"

आष्ट्याच्या न्हाणीजवळ तगर लागली. दिवाळीला पालवी फुटली, आणि संक्रांतीला अंजनाला दिवस गेल्याचा निरोप आला. रंगुबाईनं गावभर गूळ वाटला.

तगरीच्या बुडाशी ते गवतही तरारलं. अंजना ते कुणाला उपटू देईना. "आयेनं आणल्याली माती हाय. तिच्यातलं काय बी काडायचं न्हाई." पोटुशी सून, तिला कोण बोलणार? ती स्वतः पाणी घालायची, तिथंच बसून निवडणं-टिपणं करायची. फुलं वाळली, बी उडालं, सांडपाण्याबरोबर पाटात गेलं. बघता बघता परड्यात, गोठ्यामागं, उसाच्या बांधावर जिकडंतिकडं तेच.

मग अंजनाच्या हातांना खाज सुटली. पुढं मान, चेहरा. कातडी फुटून लस गळायला लागली, पापण्या सुजून डोळे मिटले. बायका रक्तपितीचं कुजबुजल्या. लालासाहेबानं तिचं ताट वेगळं मांडायला लावलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. "गाजरगवताची बाधा आहे. दारात असेल ते मुळासकट काढा. तिला त्याच्या जवळपास फिरकू देऊ नका."

निरोप मिळताच रंगुबाई आली. लेकीचं तोंड तिला ओळखू येईना. बनुबाईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "विहीणबाई, तुमची घाण तुमी काडा. न्हाईतर लेकीला घेऊन वाटंला लागा."

नेणार कुठं? माणात रस्त्याकडेला, पडीक रानात, खुद्द तिच्या दारात तेच गवत उभं होतं. रंगुबाईनं पदर खोचला, हातांना फडकी गुंडाळली आणि वाकली. जन्मभर दुसऱ्याच्या रानात भांगलण केलेली बाई, पण हे तण उपटताना तिच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. बांध झाला, पाट झाला, परडं झालं. ओढ्याकाठच्या खड्ड्यात ढिगानं गवत पडलं. तेव्हा बनुबाईनं तगरीकडं बोट केलं. "ती बी. मातीसकट."

रंगुबाईनं तिचे पाय धरले. "पोटात पोर हाय वो तिच्या. एवढी तगर ऱ्हाऊ द्या."

"त्या पोरासाटनंच सांगतीया. आन आजपस्नं तुमी बी हितं यायचं न्हाई. लुगड्याच्या काठाला बी चिकटून येतंय, ते काय कुणाला दिसतंय?"

रंगुबाईनं काठाकडं बघितलं. पांढरा भुसा चिकटला होता.

"मी न्हाई आले तर अंजू हितं ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल."

रंगुबाईनं कुदळ घेतली. तगर खणून काढली, खड्ड्यात टाकली आणि वरनं माती लोटली. लोटताना ती रडत होती, आणि रडणं लपवायचंही तिला सुचलं नाही.

ती निघाली तशी अंजना चाचपडत दारात आली. "आये, पाया पडू दे."

"शिवू नगंस मला! लांबनंच कर." रंगुबाई ओरडली आणि काठाचा भुसा लेकीकडं उडू नये म्हणून झटकन वाऱ्याखालच्या बाजूला सरकली.

अंजनाला ते दिसलं नाही. ती पोट सांभाळत चौकटीतच वाकली आणि रिकाम्या अंगणाला नमस्कार केला.