अण्णांची कापलेली बारा वर्षं

अण्णांच्या हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत, स्टेंट टाकणं लांबवू नका, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी फारसा घाबरलो नाही. सत्तरीपुढच्यांचा विमा आता सरकार भरतं आणि तो खासगी दवाखान्यातही चालतो, हे मला ठाऊक होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. रझाकाराच्या धामधुमीत ते पोटात असताना आजी ज्वारीत लपून बसली होती. म्हणजे सत्तरी कधीच मागं पडलेली.

दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीतल्या बाईंनी अण्णांचं आधार कार्ड पाहिलं. "यांचं वय पासष्टच आहे. बसत नाहीत यात."

ते वय मीच सांगितलं होतं.

आमच्या पेडगावच्या शाळेत आधार काढायला लोक आले होते, तेव्हा आई-अण्णा ऊसतोडीला जायचे. मुकादम म्हाताऱ्याला टोळीत घेत नसे. मी घरातला शिकलेला, शहाणा. अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी बोललो आणि त्यांची बारा वर्षं कापून टाकली. वर त्यांना दमही दिला, "कुनीबी इचारू द्या, हेच सांगायचं. न्हाई तर घरी बसताल." त्या हंगामात त्यांना काम मिळालं. मी ती हुशारी गावभर मिरवली.

आता ती अंगाशी आली. वय दुरुस्त करायला कागद हवा आणि अण्णांनी शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही. शेवटी कळलं, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तपासून वयाचा दाखला देतात. तिथला नंबर लागेपर्यंतचे चार दिवस मला फार भीती वाटत होती. जेवता जेवता अण्णांचा घास हातात थांबला, की मी लगेच पाण्याचा तांब्या पुढं करायचो. तेच मला म्हणायचे, "काई न्हाई रे, दम लागायलाय निस्ता." त्यांना घोर नको म्हणून कार्डाचं मी एका शब्दानं बोललो नव्हतो. दवाखान्यात तपासणी आहे, एवढंच सांगून नेलं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. दात पाहिले, डोळे पाहिले, मग त्यांनी अण्णांनाच विचारलं, "बाबा, वय किती असेल तुमचं?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, खरं सांगा म्हणून. त्यांना त्यातून काय कळलं कोण जाणे. छातीवरचा हात काढून ते ताठ बसले, मुकादमापुढं उभे राहायचे तसे.

"पासष्टबी पुरे न्हाईत साहेब. आजून समदं काम व्हतंय माझ्याच्यानं."

डॉक्टरांनी पेन उचललं. मी ओरडलोच, "अण्णा, खरं सांगा!"

ते दचकले. मग माझ्याकडं झुकून, साहेबांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "खरं सांगितलं तर घेतेत का मला?"