बंद बाटलीतला वास

आम्ही प्रयोगशाळेतले जुने लोक एकत्र जमलो, की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते आरतीचं सांग ना!" मग एकातून दुसरा किस्सा निघतो. इतके साठलेत, की कुठला घडला तसा आहे आणि कुठल्याला आम्ही तिखटमीठ लावलं, ते आता आम्हालाच सांगता येत नाही. शेवटचा मात्र कुणी सांग म्हणत नाही. आज तोही सांगून टाकतो.

आमचं काम तसं सोपं. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी काचेच्या बाटल्यांत वाढवायच्या, बाटलीला घट्ट बूच लावायचं आणि मग आतली हवा काढून मशीनला द्यायची. पेशी हवेत काय सोडतात आणि हवेतलं काय आत घेतात, हे मशीन कागदावर टेकड्या काढून दाखवायचं. वास जितका जास्त, तितकी टेकडी उंच. मशीन मी चालवायचो. पेशी सांभाळायची संगीता. लासूर स्टेशनजवळच्या मेंढपाळाच्या घरातली पोरगी, तिची पीएचडी याच बाटल्यांवर चालली होती. पेशींच्या बाटलीसोबत ती नेहमी एक बिनपेशींची बाटली ठेवायची. तीच हवा, पेशी वाढवायचं तेच द्रावण, आत पेशी मात्र नाहीत. दोन्हींत जो फरक पडेल, तेवढाच पेशींचा!

त्यामुळे आमच्याकडे वासबंदी होती. अत्तर नाही, गजरा नाही, डोक्याला तेल नाही. दारातच आमच्या प्रमुख मॅडम हुंगून बघायच्या.

*

एकदा मॅडम पुण्याला गेल्या होत्या आणि नेमकी खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा करायची, तर आमचं हत्यार कुठलं? मशीन! आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली, कापूर पेटवून साग्रसंगीत आरती केली. मग सगळं पुसून लख्ख केलं. कुणाला काही कळणार नव्हतं.

मॅडम परत आल्या. पहिला कागद मशीनमधून बाहेर आला, त्यांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "आरती कुणी केली?"

कापराची टेकडी दिवाळीपर्यंत हलली नाही.

*

तपासणीला एक बडे साहेब आले होते. औरंगपुऱ्यातलं अत्तराचं अख्खं दुकान अंगावर ओतून आल्यासारखे! मॅडमनी त्यांना काचेच्या दाराबाहेरच हात जोडले. "साहेब, तुम्ही आत आलात तर पुढचे आठ दिवस आमच्या पेशींना तुमचाच वास येईल."

आम्हाला वाटलं, आता अनुदान गेलं. साहेबांनी तिथंच उभं राहून शेरा लिहिला: "प्रयोगशाळा बाहेरून पाहिली. उत्तम आहे."

*

मग दुष्काळाची वर्षं आली. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि शहर तर रोज चारी दिशांना वाढतच होतं. शुद्ध पाणी काढायच्या यंत्राला थंड ठेवायलाच बादल्यांनी पाणी लागायचं, म्हणून मॅडमनी ते बंद केलं. पेशींच्या उबदार कपाटात तळाशी पाण्याचं ताट असतं. ते आमचे अटेंडंट शेखभाई टँकरच्या पाण्यानं भरू लागले.

आणि एके दिवशी कागदावर क्लोरोफॉर्म उगवला! माणसाच्या पेशी क्लोरोफॉर्म सोडतात? मॅडमना खुर्चीवर बसवेना. तेवढ्यात संगीता हळूच म्हणाली, "मॅडम, रिकामी बाटलीबी सोडतीय."

शेखभाई म्हणाले, "बाटली का क्या कसूर, मॅडम? टँकरवाले ने पानी में ब्लीचिंग पावडर दबाके डाल्या था."

त्या पावडरीतल्या क्लोरीनमुळंच ताटातल्या पाण्यातून क्लोरोफॉर्म उठत होता. हसलो खरे, पण पाण्याची अशी ओढ बघून त्या दिवसापासून संगीता पिण्याच्या पाण्याचा ग्लासही अर्धाच भरून घ्यायची.

*

त्याच सुमारास तिचा प्रबंध परत आला. तिचं म्हणणं असं, की पेशी एक खवट तेलासारखा वास हवेतून आत ओढून घेतात. परीक्षकांनी लिहिलं, "पेशींनी घेतला कशावरून? बुचातून गळाला असेल. पुन्हा करा. या वेळी मेलेल्या पेशींच्या बाटल्याही ठेवा."

गोठवून ठेवलेल्या पेशींची एकच कुपी उरली होती. त्या जगल्या नाहीत, तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात. पोरगी जेवेनाशी झाली.

त्यात शेजारी नवीन इमारतीला रंग लागायला लागला. थिनरचा वास थेट आमच्या खिडकीत! संगीता खाली गेली आणि परांचीवरच्या रंगाऱ्याला म्हणाली, "दादा, चार दिवस ही बाजू राहू देता का?"

"का, घरात बारीक लेकरू हाय का?"

"हायेत."

"किती?"

"लाखभर तरी असतील."

रंगाऱ्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ब्रश डब्यात टाकला आणि परांची मागच्या बाजूला हलवली.

*

पेशी जगल्या. बाटल्यांना बुचं लागली आणि त्याच दुपारी गावाहून फोन आला. संगीताची आई गेली. वडील चाऱ्यापायी मेंढरं घेऊन दूर नगरकडं गेले होते, ते निरोप मिळाल्यावर कसेबसे पोचले. मॅडम म्हणाल्या, "बाटल्यांचं आम्ही बघतो. तू जा बाळा."

हवा काढायच्या दिवशी आम्ही तयारीला लागलो, तर दारात संगीता उभी. मागं डोक्याला पागोटं गुंडाळलेले वडील.

"अगं, कशाला आलीस? आम्ही केलं असतं!"

उत्तर वडिलांनी दिलं. "म्याच आणली तिला. तिसऱ्याचं उरकलं अन् तसंच गाडीत बसलो. जितराब सोडून कसं चालंल, बाई?"

आत या म्हटलं, तर आले नाहीत. "माह्या अंगाला मेंढरांचा वास हाय," म्हणत बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

संगीतानं हवा काढली. मी मशीनला दिली. रिकाम्या बाटलीत टेकडी उंच. मेलेल्या पेशींच्या बाटलीत तेवढीच उंच. जिवंत पेशींच्या बाटलीत जवळजवळ सपाट. संगीतानं तो कागद दोनदा बघितला आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मलाही आवरेना.

मॅडम कागद घेऊन तशाच बाहेर पळाल्या. "बाबा, पोरीचं खरं निघालं! हे बघा, जिवंत होत्या त्यांनी घेतलं. मेलेल्यांनी काहीच घेतलं नाही, जसंच्या तसं राहिलं!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

वडिलांनी कागद हातात घेतला, नीट बघितला आणि परत दिला.

"व्हय," ते म्हणाले. "सकाळी तिसऱ्याला हिच्या आईपुढं चहा ठिवला व्हता. साखर जास्त घालून, तिला लागायची तशी. लई येळ बसलो. तसाच ऱ्हायला."