फोटोसाठी नटलेली शेळी

भूमच्या पुढं एका वस्तीवर त्या मावशी भेटल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. शेळ्यांच्या कातडीच्या आजारांवर आमचं काम चालतं. पूर्वी तपासणीसाठी कातडीचा तुकडा कापावा लागायचा. "माज्या शेळीला सुरी लावायची न्हाय," असा मावशींचा आधीच निरोप आला होता. म्हणून मी कळवलं, कापायचं काही नाही, नुसत्या उजेडानं कातडीच्या आतला फोटो काढायचा.

गेलो तर काळीभोर शेळी दारात नटून उभी! अंघोळ घातलेली, कपाळाला हळदकुंकू, अंगाला तेल चोपडलेलं. मानेवरचा चट्टा तेलानं इतका चकाकत होता, की यंत्रात काही दिसेना.

"मावशी, हे कशाला केलं?" मी वैतागलो.

"फोटू म्हणालात न्हवं? मग तशीच कशी हुबी करू?"

चट्टा पुसून घेतला. मावशींनी शेळीला गुडघ्यांत धरलं आणि उजेड फिरेपर्यंत स्वतःचाही श्वास रोखला. पडद्यावर कातडीचे थर उमटले. रक्ताचा थेंबही न काढता! मी ऐटीत सांगितलं, "रोग वरच्यावरच आहे, मलमानं जाईल."

"लई बेस झालं. पर ह्यात हिचं तोंड कुठं हाय?"

मी खिशातला मोबाइल काढला. मावशींनी पदरानं शेळीचं तोंड पुसलं, तिचे कान नीट केले आणि स्वतः बाजूला सरकल्या.

"तुम्हीपण या की शेजारी."

"म्या कशाला? ती दिसली की म्या दिसलेच की."