बडीशेप

निपाणी स्टँडजवळच्या पानपट्टीवाल्याला मी रोज सिगारेट ओढत विज्ञान शिकवायचो. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. ना मी! "धुरातल्या फ्री रॅडिकल्समुळं रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, गुठळी होते, हार्ट अटॅक येतो."

तो ओल्या फडक्यानं पान पुसत, वर न बघता म्हणायचा, "व्हय व्हय, लई भारी, सर." मला ती दाद वाटायची.

मग अटॅक मलाच आला. बेळगावात स्टेंट घालून परतलो आणि सवयीनं त्याच्यापुढं हात केला. त्यानं हातावर बडीशेप ठेवली.

"गिऱ्हाईक घालवतोयस रं!" मी चिडलो.

"न्हाय सर, राखतोय. धूर आत गेला की चिकटत्यात न्हवं त्या प्लेटलेट्स?"

माझं व्याख्यान त्यानं रोज ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते मी एकट्यानंच.