न्यू बेडफर्डला सापडलेला टॉमस

पार्सिपनीहून सकाळी निघालो तेव्हा गाडीच्या काचांवर दव होतं. २००६चा ऑक्टोबर. नागपूरहून लेकीकडे, मुग्धाकडे, येऊन मला दोन महिने झाले होते आणि समुद्र दाखव म्हणून मी तिच्या मागे लागले होते.

"न्यू बेडफर्डला जाऊ, आई. देवमाशांच्या शिकारीचं जुनं बंदर आहे," ती म्हणाली. वाटेत तिने एक एक्झिट मिस केली आणि लाल-पिवळ्या मेपलच्या रानातून भटकत आम्ही दोन वाजता पोचलो. इतकी सुंदर चूक मी तरी पाहिली नव्हती.

धक्क्याजवळ चाउडर (शिंपल्यांचं, दूध-बटाटा घातलेलं दाट सूप) मागवलं. मी शिंपले बाजूला काढून बटाटे खात होते. वाढणाऱ्या बाईंनी ते पाहिलं आणि न मागता गरम पाव आणून ठेवला.

मग चढणीवरच्या एका छोट्या संग्रहालयात शिरलो. तिथे जहाजांच्या जुन्या रोजनिशा होत्या. टेबलाशी साठीच्या एक बाई डोळे पुसत बसल्या होत्या. हनुवटीवर निळसर मोको (माओरी बायकांचं गोंदण) होतं. आमच्याकडच्या खेड्यांतल्या बायकांचं गोंदण आठवून मी हसले, तशा त्याही हसल्या.

त्यांचं नाव हिने. न्यूझीलंडहून आल्या होत्या. त्यांच्या खापरपणजीने टॉमस नावाच्या इंग्रज खलाशाशी लग्न केलं होतं. किनाऱ्यावर तेव्हा गोऱ्यांची जहाजं पाणी आणि रताळी घ्यायला थांबत. टॉमस दोन वर्षं तिच्या माणसांत राहिला, त्यांची भाषा शिकला. मुलगा झाला. मग तो एका अमेरिकन जहाजावर गेला तो गेलाच.

"आमच्या फानाउमध्ये (गणगोतात) त्याचं नाव कुणी घेत नाही," हिने म्हणाल्या. "आईला नव्वदाव्या वर्षी खरं काय ते हवंय. आणि इथे हे निघालं."

त्या जहाजाच्या रोजनिशीसोबतच्या टाइप केलेल्या यादीत टॉमसपुढे 'डिझर्टेड' लिहिलं होतं. पळून गेला.

"मूळ पान बघू?" मी विचारलं. नागपूरच्या कचेरीत मी तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. साहेबी अमदानीतली वळणदार इंग्रजी अक्षरं वाचणं हेच माझं काम.

पानावरची शाई तपकिरी झाली होती. मी तो शब्द तीनदा वाचला. मधे एक उभा, लांब 'एस' होता, आणि त्यापुढे 'टी' नव्हताच.

"मुग्धा, यांना सांग, हे 'डिझर्टेड' नाही. 'डिझायर्ड' आहे. म्हणजे इच्छा सांगितली. पूर्ण ओळ अशी आहे: टॉमसने किनाऱ्यावर बायको-मुलाकडे सोडायची विनंती केली. कप्तान म्हणाला, हंगाम संपल्यावर."

हिनेंनी माझं मनगट घट्ट धरलं. "पुढे?"

पुढची पानं आम्ही तिघींनी मिळून उलटली. एकोणीस दिवसांनंतरची नोंद होती: देवमाशाने होडी उलटवली. पाच जण वर आले. टॉमस आला नाही.

मग मुग्धाने पर्समधून नागपूरला फोन करायचं कॉलिंग कार्ड काढून हिनेंपुढे धरलं. "Please. Call your mom."

चार वाजले होते, तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. हिने माओरीत बोलत होत्या, मधेच रडत होत्या. पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला. हिनेंनी फोन खाली ठेवून आम्हाला सांगितलं, "आई म्हणते, तो घरी यायला निघाला होता. आता त्याचं नाव मोठ्याने घ्या."

आणि त्या उभ्या राहिल्या. पूर्वजांची नावं एका लयीत म्हणत गेल्या. एका जागी क्षणभर थांबल्या, "टॉमस" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. निघताना त्यांनी माझ्याशी होंगी (नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवणं) केली. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागला.

परतीच्या रस्त्यावर मुग्धा म्हणाली, "आई, तू ऑफिसात नक्की काय करायचीस, मी कधी विचारलंच नाही गं." मग सगळा रस्ता ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. तो प्रवास दिल्याबद्दल मी हिनेंची कायमची ऋणी आहे.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. जुन्या जमिनींच्या नोंदींत कितीतरी नावांपुढे 'परागंदा' असा शेरा असे. तो मी शेकडो वेळा नकलून काढला. त्यांतले किती जण घरी यायला निघाले होते, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.