मावळती चांदणी

देव हा राजवाड्याच्या दारावरचा पहारेकरी आहे, असे मी पत्रकात लिहिले होते. भोर संस्थानातली वेठ बंद व्हावी म्हणून काढलेल्या त्या पत्रकांची चळत पिशवीत भरत होतो, तेवढ्यात चुलती वाडीवरून धापा टाकत आली. "तुजी आय लई आजारी हाय. तुलाच बोलावतीया. आत्ता चल."

वाडी वेल्ह्याच्या अंगाला. खिंड ओलांडली की उगवतीकडे उतरायचे, एवढे पाठ होते. पण खिंडीत धुके दाटले, कंदिलातले तेल संपले आणि वाट सुटली. बऱ्याच वेळाने धुक्याच्या फटीत एक ठळक चांदणी दिसली. "शुक्र उगवला. हीच उगवत," चुलती म्हणाली. मलाही तसेच वाटले. तिच्या रोखाने आम्ही उतरू लागलो. पायाखाली दिसावे म्हणून मी एकेक पत्रक पेटवत होतो.

"राजाला जाळतुयास व्हय रं?"

"देवालाही."

"म्हनूनच धूर लई!"

शेवटचा कागद विझला. डोळे अंधाराला सरावले आणि धुके सरकले. उत्तरेला सप्तर्षी उभे होते. आई त्यांना म्हातारीची बाज म्हणायची: चार खूर, मागे तीन चोर, म्हातारी जागी असेपर्यंत चोरांना बाज नेता येत नाही. ती बाज आमच्या डाव्या हाताला हवी होती. होती उजव्या हाताला.

"चकवा चांदणी गं बाई!" चुलती मटकन खाली बसली. ती चांदणी उगवत नव्हती, मावळत होती. आम्ही उलट्या दरीत शिरलो होतो.

मग तीच उठली. "मेंगाई देवीनं दावलं. चल." एरवी मी वाद घातला असता. त्या वेळी माझे हात आपोआप जोडले गेले.

घरी पोचलो तेव्हा फटफटले होते. शेजारीण म्हणाली, "आत्तापतोर बोलत व्हती रं. तुला कायतरी सांगायचं व्हतं." आईची वाचा गेली होती, डोळे मात्र उघडे, दाराकडे लागलेले. मी हात हातात घेतला, तेव्हा तिने ते मिटले.

काय सांगायचे होते, ते आता कळणार नाही. उलट्या दरीत गेलेला वेळ मला बोचत राहतो. वेठीविरुद्ध मी तेवढ्याच संतापाने लिहितो. पण ते धुके मी हटवले नव्हते, आणि ते हटले नसते तर आईचे उघडे डोळेही मला दिसले नसते. म्हणून लिहून झाले की दिवा मालवतो, अंगणात येतो आणि डोळे सरावेपर्यंत हात जोडून उभा राहतो.