वनमालाबाईंची रविवारची पंगत

आमच्या शेजारच्या वनमालाबाई शेळक्यांनी हजीऱ्याच्या सरकारी शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथे आमच्या थाटीपुरात मराठी शिकवायला घेतलं. "आता ही कसली हौस?" मी विचारलं. तर म्हणाल्या, "पूर्वज इकडे उत्तरेत घोड्यावरून आले ते मराठी बोलत आले. नातवंडं स्कूटीवरून हिंदीत निघून गेली." बाईंना टाळ्या मिळतील असं बोलायची सवय आहे. मी टाळ्या वाजवत नाही. सतरंज्या मात्र मीच घालते.

वर्ग इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, दर रविवारी सकाळी. पोरं बारा, सगळी दुसरी-तिसरीतली. शिकवायची असतात क्रियाविशेषणं, पण तो शब्द बाई उच्चारतसुद्धा नाहीत, कारण तो ऐकून मोठी माणसंही पळ काढतात. त्या सरळ पंगत मांडतात. निम्मी मुलं जेवायला बसतात, निम्मी वाढतात, आणि प्रत्येक वाढप्याला एक चिठ्ठी, कसं वाढायचं त्याची. 'भरभर' आलं की सौरव ताटात कमी आणि सतरंजीवर जास्त मुरमुरे वाढतो. 'हळूच'वाली सोनिका जीभ बाहेर काढून एकेक दाणा ठेवते. कोण कसं वाढतंय, हे बसलेल्यांनी ओळखायचं. आरडाओरडा इतका की खालचा शिंपी मशीन थांबवून वर बघतो.

त्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब आले. खिशात पत्र होतं: एक तारखेपासून हॉल कोचिंगवाल्यांना, मराठीचा वर्ग बंद. बाईंच्या कानावर हे आधीच आलं होतं. दोन दिवस त्यांचा चेहरा उतरलेला, आणि माझ्याशी तर त्या उगाचच दोनदा भांडल्या. हा वर्ग गेला असता तर त्यांचा नुसता रविवार नाही, अख्खा आठवडा गेला असता.

"बसा तात्यासाहेब, पानं मांडलीत," बाई म्हणाल्या. मांडलेल्या पानापुढे उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून ते बसले.

यशश्रीच्या चिठ्ठीवर होतं 'आग्रहाने'. सात वर्षांची पोर ती, गोंधळली.

"काकू, आग्रहाने मतलब? जबरदस्ती?"

"वाढून बघ, कळेल," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी तिच्या आईने बेसनाचे लाडू दिले होते. डबा घेऊन ती तात्यासाहेबांपुढे गेली. "लाडू?" ते म्हणाले, "नको." ती लगेच पुढच्या पानावर. तिची तरी काय चूक? आमच्याकडची लग्नं आता बुफेची. नको म्हणजे नको, एवढंच पोरांना माहीत.

"परत जा," बाई म्हणाल्या. "आपल्या माणसाचा पहिला नको खरा नसतो."

ती परत गेली. "नको गं बाळ."

"दुसराही नसतो," बाई म्हणाल्या.

आता मात्र यशश्रीने डबा खाली ठेवला आणि तात्यासाहेबांसमोर मांडी ठोकून बसली. "क्यों नको? पोट दुखतंय का?"

"नाही गं."

"मग रुसलात?"

तात्यासाहेबांना हसू फुटलं. तिने एक वेडावाकडा लाडू उचलला. "हा मी वळलाय. बाकीचे आईने. माझावाला खा ना आजोबा, अर्धा तरी! नाहीतर मला बुरा वाटेल." आणि उत्तराची वाट न बघता अर्धा लाडू त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आग्रहाने!" अख्खी पंगत एका सुरात ओरडली.

तात्यासाहेबांनी तो खाल्ला. उरलेला अर्धाही मागून घेतला. मग खाली बघत, कोणाला सांगतोय असं न दाखवता म्हणाले, "आमच्या हिला, शांताला, जाऊन तीन वर्षं झाली. सगळे चांगले आहेत घरी. मी नको म्हणतो, आणि लगेच ऐकतात."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. बाई तर फळ्याकडे तोंड करून नसलेलं काहीतरी पुसत होत्या. मग त्यांनीच वळून पत्रासाठी हात पुढे केला.

तात्यासाहेबांनी पत्र काढलं, त्याला लाडवाची तुपकट बोटं नीट पुसली आणि बोळा करून परत खिशात टाकला. "वर्ग इथेच राहील. कोचिंगवाल्यांना मी सांगतो."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले, चपला घातल्या आणि दारातून यशश्रीकडे वळले.

"पुढच्या रविवारी मी घरून काही न खाता येईन हं."